गाडीचं नाक

अण्णा रोज सकाळी दोन पेपर वाचत. एक गाडीखालचा, दुसरा दारात पडलेला. दुसऱ्याला ते फारशी किंमत देत नसत.

संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावली की मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या अंगाला ते जुन्या कन्नड पेपरचं एकेक पान पसरत आणि कोपऱ्यांवर खडे ठेवत. सकाळी आंघोळीच्या आधी, पंचा नेसलेले, तसेच शेडमध्ये जात, पानं ओढून काढत, उजेडात धरत आणि बायकोला, अक्कांना, ऐकू जाईल अशा आवाजात बातमी देत.

"उजवीकडे काही नाही. डावीकडे एक थेंब. मुख्यमंत्र्यांच्या कपाळावर."

स्वयंपाकघरातून अक्का म्हणत, "पुसा त्यांना आणि आत या. पाणी निवतंय."

मी त्यांचा भाडेकरू. पुण्याहून बंगलोरला विमानांच्या कारखान्यात नोकरीला लागलो, तेव्हा बसवनगुडीत त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत चार वर्षं राहिलो. मी तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होतो, सडा, आणि स्वतःच्या शिक्षणावर फार खूश. त्या चार वर्षांबद्दल मी नंतर कुणाशी बोललो नाही. लग्न झाल्यावर बायकोनं विचारलं, "ते बसवनगुडीचे अण्णा कसे होते?" मी म्हटलं, "चांगले होते. जरा विक्षिप्त." आणि विषय बदलला. एवढ्यावर मी बारा वर्षं काढली. आता लिहितोय.

अण्णांचं घराणं बंगलोरचंच. मी नवा असताना त्यांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं, "आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वी आले, घोड्यावरून. तू मीटरगेजनं आलास. तेव्हा मराठी कुणाची खरी, तो वाद नको." त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं. "स्वल्प थांब", "सरी सरी" म्हणजे बरं बरं, "बघू की रे". माझ्या 'मी येतोय' ला ते हसत, त्यांच्या 'येतो करून सांगितलं' ला मी हसायचो. लिहायचे मात्र ते मराठीच, पण कन्नड लिपीत. शाळा कन्नड झालेली. घरचा हिशेब, अक्कांना ठेवलेला निरोप, देवाची आरती, सगळं मराठी आणि सगळं त्या गोल गोल अक्षरांत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नसे. माझीच भाषा माझ्यासमोर भिंतीवर टांगलेली असायची आणि मी अडाण्यासारखा उभा.

भिंतीवर टांगलेली म्हणालो ते खरोखरच. शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या तीन ओळी होत्या. गाडीचा जो भाग तुटला, झिजला, फाटला, तो अण्णा टाकून देत नसत. धुऊन, पुसून खिळ्याला अडकवत आणि त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधत. चिठ्ठीत तीन गोष्टी. काय होतं, का गेलं आणि चूक कुणाची. मला ते वाचून दाखवत. "स्प्रिंगचं पान. खड्डा दिसूनही वेग कमी केला नाही. नाव : माझं." "पंख्याचा पट्टा. उंदरानं खाल्ला. नाव : अक्का. मांजर पाळू देत नाही."

अक्का तिथंच तांदूळ निवडत असल्या तर म्हणत, "उंदराचं नाव घाला की. मी खाल्ला काय पट्टा?"

"नाव घालावं लागतं," अण्णा मला म्हणत. "नाव नाही घातलं तर तीच चूक फिरून येते. तिला वाटतं, आपल्याला कुणी ओळखलं नाही."

सर्वे खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं नकाशे काढले होते. पट्टी न घेता सरळ रेघ मारून दाखवायचे. नदी काढताना श्वास रोखून धरावा लागतो म्हणत. "म्हैसूर संस्थानात एवढ्या नद्या. एकीचंही पाणी माझ्या हातून थरथरलं नाही." निवृत्तीनंतर डोळे अधू झाले, गुडघे गेले, दात गेले, ह्या सगळ्याची ते थट्टा करत. हातांची थट्टा मात्र कुणी करायची नाही. जेवण झाल्यावर हात धुऊन ते समोर धरून बघत, स्थिर आहेत का. असतच.

गाडी विलायती होती, युद्धाआधीची, काळी. एक इंग्रज साहेब मायदेशी जाताना अण्णांना देऊन गेला होता. अण्णा तिच्याशी इंग्रजीतच बोलत. इतरत्र कुठं त्यांना मी इंग्रजी बोलताना ऐकलं नाही. चढ आला की पुढं वाकून म्हणत, "कम, मॅडम. स्टेडी, मॅडम." मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिला कन्नड कुठलं येणार? तुला तरी येतं का?"

ह्या मॅडमचं मागचं डावं सील अधूनमधून गळायचं. ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दोन चाकांमध्ये एक जाड लोखंडी नळी असते, मधोमध भोपळ्यासारखी फुगलेली. त्या भोपळ्यात दाते असतात आणि दात्यांना घट्ट तेल लागतं. ते तेल नळीतून चाकापर्यंत जाऊ नये म्हणून टोकाला सील असतं. त्या काळच्या गाड्यांत ते चामड्याचं. सील गळलं की तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर येतं, आणि तेलकट पट्टा चाकाला धरत नाही.

अण्णा सील विकत आणत नसत. म्हशीचं कमावलेलं कातडं आणून कंपासनं वर्तुळ आखायचं, कापायचं, साच्यात दाबायचं, मग तीन दिवस कोमट तेलात बुडवून ठेवायचं. कोमट करायला अक्कांची चूल. पहिल्यांदा कढई नेली तेव्हा अक्कांनी भांडण केलं. दुसऱ्यांदा नेली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता ती तुमचीच. तिच्यातच जेवा." तिसऱ्या दिवशी अण्णा ते मऊ झालेलं चामडं बोटांत फिरवत ओट्यावर बसत, कान पिळावा तसं हळूच पिळत, आणि म्हणत, "आता ऐकतंय."

आमच्या खंडेनवमीला बंगलोरकर आयुधपूजा म्हणतात, आणि तिचा थाट पुण्यात मी कधी पाहिला नव्हता. रिक्षा, सायकली, शिलाईचं यंत्र, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, सगळ्याला हळदकुंकू. त्या वर्षी अण्णा आणि अक्का आदले दोन दिवस देवनहळ्ळीला अक्कांच्या माहेरी गेले, बसनं, कारण पूजेआधी गाडी धुऊन कोरडी राहायला हवी होती. मला वाटलं, आपण काहीतरी करावं. अडीच वर्षं त्यांच्या घरची भाजी खातोय. गाडी वरून चकचकीत होती, खालून गंजलेली. मी कारखान्यातून उरलेला काळा रंग आणला, आडवा होऊन खाली शिरलो आणि मागची सगळी नळी, तो भोपळा, खरवडून रंगवून काढला.

भोपळ्याच्या वरच्या अंगाला एक छोटी टोपी होती, आणि तिला गुंडीएवढं भोक. आमच्या कारखान्यात एक शिस्त होती, पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकलेली. विमानाच्या कुठल्याही भागाला उघडं भोक दिसलं की आधी ते बंद करा, मग दुसरं काम. धूळ आत गेली तर माणूस मरतो. मी भेगा बुजवायची लांबी घेतली, त्या भोकात अंगठ्यानं दाबून बसवली, वरून रंगाचा हात दिला. इतकं सफाईदार काम झालं की भोक होतं हे मलाही शोधावं लागलं असतं.

अण्णा आले, वाकून टॉर्च मारून पाहिलं, आणि मला म्हणाले, "अय्यो एंजिनेर, तू तिला नवरी केलीस की रे!" पूजेला गाडीच्या आधी त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. चाकाखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला.

पंधरा दिवसांत डावं सील गळायला लागलं.

अण्णांनी नवं बनवलं. तेही गळलं. पेपरावर आता थेंब नव्हते, डबकं होतं. अक्का आतून विचारेनात, अण्णाही बातमी सांगेनात. नुसतं पान घडी करून ठेवून देत. त्यांचं एक वाक्य होतं, नळ गळो नाही तर छत, ते म्हणायचेच : "गळतं तिथं दोष नसतो." मी साहेबावर चिडून घरी आलो तरी हेच वाक्य. पण आता ते सीलकडेच बघत बसायचे.

त्याच सुमारास गल्लीतल्या डॉक्टरांच्या गाडीचंही मागचं सील गळत होतं. त्यांच्या ड्रायव्हरनं चारदा बदललेलं. अण्णांना बोलावलं, मी बरोबर गेलो. अण्णा सीलजवळ गेलेच नाहीत. ड्रायव्हरला खाली घातलं, वरची ती टोपी काढून आणायला लावली, आणि सायकलचा पंप लावून फुंकली. मातीची गुठळी टपकन् पडली.

"हे नाक," ते ड्रायव्हरला कन्नडात आणि मला मराठीत सांगत होते. "गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. ती हवा ह्या नाकातून बाहेर पडायची. नाक बुजलं तर ती काय करेल? खालनं, सीलच्या कडेनं, तेलाला ढकलत बाहेर पडेल. तू सोन्याचं सील घाल, गळणारच."

डॉक्टर हसले, कॉफी आली. माझा अंगठा मला आठवत होता.

परत येताना अण्णा रस्त्यातच थांबले. "अरे, आपण आपलं नाक बघितलं नाही की! दुसऱ्याचं बरं दिसतं." घरी आल्या आल्या मला म्हणाले, "माझे गुडघे वाकत नाहीत. तू जा खाली."

मी टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. माझा काळा रंग चमकत होता. वरून अण्णांचे धोतरातले दोन पाय दिसत होते, एक पाय अधीर हलणारा.

"नाक साफ आहे ना?"

तेव्हा मला म्हणता आलं असतं, अण्णा, मीच बुजवलं. ते हसले असते. चिठ्ठी लिहिली असती, नाव : एंजिनेर. जन्मभर गल्लीत सांगितलं असतं. पण डॉक्टरांच्या ड्रायव्हरला मी तासाभरापूर्वी तुच्छतेनं हसलो होतो, आणि कपाळावरचं ते कुंकू मला आठवलं.

"साफ आहे, अण्णा," मी म्हणालो.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

ते म्हणाले, "सरी. विमान दुरुस्त करणारा माणूस बघतो म्हणजे बघतो. तुमच्यात खोटं बोललं तर माणसं आभाळातून पडतात."

मी ठरवलं की उद्या ते घरात नसताना खरवडून काढू. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून शेडमध्येच, तिसरं सील बसवत. तिसऱ्या दिवशीही तेच. मग चार दिवस गाडी उभीच होती, आणि पेपर स्वच्छ निघाला. अण्णा लहान मुलासारखे पान घेऊन माझ्या खोलीत आले. "बघ! एक थेंब नाही!" मला चांगलं ठाऊक होतं की उभी गाडी तापत नाही, आणि न तापलेली हवा ढकलत नाही. पण तो कोरा पेपर मीही त्यांच्याइतक्याच आनंदानं पाहिला. काही सांगायची गरज उरली नाही असं मला वाटून घ्यायचं होतं.

रविवारी ते दोघं गाडीनं देवनहळ्ळीला निघाले. मी फाटक उघडलं. अण्णांनी काचेतून डोकं बाहेर काढलं. "नाक साफ ना?" गंमत म्हणूनच विचारलं. मी हसून हात केला.

परत येताना, गाव सोडल्यावरच्या उतारावर, पुढं चकोत्यांनी, म्हणजे पपनसांनी, भरलेली बैलगाडी आली. अण्णांनी ब्रेक दाबला. उजव्या चाकानं धरलं, तेलात भिजलेल्या डाव्यानं धरलं नाही, आणि गाडी गर्रकन उजवीकडे वळून खड्ड्यात गेली. अण्णांना खरचटलंसुद्धा नाही. अक्कांचं उजवं मनगट मोडलं. ते पुढं जुळलं, पण वाकडं. अक्का रोज पहाटे दारात दहा-बारा ठिपक्यांची रांगोळी घालत. त्यानंतर त्या डाव्या हातानं घालू लागल्या, चार ठिपक्यांची.

आता खरी गोष्ट. खोटं बोललो ह्याच्यापेक्षा हे वाईट आहे.

गाडी बैलांनी ओढून घरी आणली. अण्णा इस्पितळात अक्कांजवळ होते. घर रिकामं होतं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली गेलो आणि ती लांबी उकरून काढली. टोपीतून फुस्स करून हवा आली नाही, काही झालं नाही. गाडी आतून थंड होती. पाच मिनिटं लागली. तुकडे मी रुमालात गोळा केले आणि परसातल्या अळवाच्या वाफ्यात पुरले.

दोन दिवसांनी अण्णा कुणालाही न विचारता, त्या गुडघ्यांनी, स्वतः गाडीखाली गेले. अर्धा तास आत होते. मी ओट्यावर उभा होतो. बाहेर आले तेव्हा पाठ मातीनं भरली होती. मला म्हणाले, "तू खरं सांगितलंस. नाक साफ आहे." आणि मग हात समोर धरून बघत राहिले. हात स्थिर होते. तरी बघत राहिले.

त्यांनी तिसरं सील धुतलं, पुसलं, चिठ्ठी लिहिली, खिळ्याला अडकवली. ह्या वेळी वाचून दाखवली नाही, आणि मी विचारली नाही. गाडी महिन्याभरात कोलारच्या एका माणसाला देऊन टाकली. पुढच्या आयुधपूजेला हत्यारांच्या पेटीवर फूल ठेवलं आणि पेटी उघडली नाही. घरातला नळ गळू लागला तर माणूस बोलावला. रेघ मारून दाखवा म्हटलं तर "आता नको रे" म्हणत. जेवण झाल्यावर हात धुऊन ते पंच्याला पुसत आणि मांडीखाली घेऊन बसत.

मी त्या पूजेनंतरच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेलो. निरोप देताना अक्कांनी डाव्या हातानं माझ्या हातावर दही घातलं. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी कानपूरला दौऱ्यावर होतो. दौरा चार दिवसांत संपला. मी भेटायला गेलो नाही.

मागच्या महिन्यात गेलो. दरम्यान मला कन्नड वाचता यायला लागलंय. बसच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, हळूहळू. अक्का आता थकल्या आहेत. मला बघून म्हणाल्या, "एंजिनेर, केस पांढरे झाले की रे तुझे." शेड तशीच आहे, मधे गाडी नाही, लाकडं रचलीत. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर चिठ्ठ्या. मी पहिल्यांदा त्या वाचल्या. उंदीर, खड्डा, मांजर, अक्का. शेवटच्या खिळ्यावर कडक झालेलं चामड्याचं सील. चिठ्ठीवर अण्णांची ती न थरथरणारी अक्षरं :

मागचं डावं सील. कारण : हात. खाली त्यांचं नाव.

मी तिथंच लाकडांवर बसलो आणि अक्कांना सगळं सांगितलं. लांबी, रंग, टॉर्च, 'साफ आहे', रुमाल, अळवाचा वाफा. त्या वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरून ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "दहा वर्षं मी त्यांना सांगत होते, हात चांगले आहेत तुमचे करून. बायको सांगते म्हणून सोडून दिलं त्यांनी. तू सांगितलं असतंस तर ऐकलं असतं."

मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं.

"माझ्या मनगटाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या वयात कुठंही पडले असते. त्या डब्यात कागद आहे. पेन्सिल पण आहे. लिही."

"कन्नडात मला नीट..."

"येईल तसं लिही. मला वाचायचंय."

मी मांडीवर कागद घेऊन लिहिलं. पहिल्या यत्तेतल्या पोरासारखी अक्षरं. मागचं डावं सील. कारण : नाक बुजलं होतं. मी बुजवलं. विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. हात चांगले होते.

अक्कांनी चष्मा लावून, ओठ हलवत वाचलं. कागद मला परत दिला.

"नाव?"

मी नाव घातलं.

त्यांनी जुनी चिठ्ठी खिळ्यावरून सोडवली, तिच्या चार घड्या केल्या आणि पदराच्या टोकाला बांधली. मग नवी चिठ्ठी सीलला बांधायला घेतली. एका हातानं गाठ बसेना. दोनदा दोरा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी उठून दोऱ्याचं एक टोक धरलं.